खोपोली लोकल, अलिबाबा आणि दादी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच सवाल उभा राहतो. मुलांना कुठं न्यायचं? पूर्वी कोकणातलं आजोळ होतं, विहीर होती, आंब्याची झाडं होती. आता तिकडच्या पुष्कळ घरांना कुलपं लागली. उरतात मॉल आणि मोबाइल. यंदा आमच्यापुढं मात्र या सवालाला एक जोडसवाल होता. दादीला घराबाहेर कसं काढायचं?

आम्ही तिघी जावा. एक ठाण्याच्या राबोडीत, एक डोंबिवलीत आणि एक कल्याणला दूधनाक्याजवळ, सासूबाईंसोबत. सासरे कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा इंतेकाल झाला. इद्दतीचे चार महिने दहा दिवस केव्हाच संपले, पण सासूबाईंची इद्दत संपलीच नाही. दवाखाना आणि मय्यतीचं घर, एवढ्यासाठीच त्या उंबरा ओलांडायच्या. लग्नाचं आमंत्रण आलं तर गुडघे दुखायचे. दुखायचे हे खरंच, पण मय्यतीच्या दिवशी ते कमी दुखायचे, हे आम्हाला दिसत होतं.

आमची तिघींची एक छोटी भिशी चालते. त्यातून मुलांना इमॅजिकाला न्यायचं ठरलं, आणि मुलांनीच दादीला गळ घातली. मोठ्या नातीनं सांगितलं, "दादी, तू बाकावर बसून बॅगा सांभाळ. तेवढं काम आहे तिथं." काम आहे म्हटल्यावर सासूबाई तयार झाल्या. आपल्या घरातल्या बायकांना मौजेला बोलावलं तर त्या येत नाहीत, कामाला बोलावलं तर लगेच चप्पल घालतात.

अशा ठिकाणांचा आमच्या भागाला काही नवलाईचा विषय नाही. ठाण्यात मानपाड्याला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी टिकुजीनी वाडी आहे. तिथली छोटी आगगाडी आणि मोठा पाळणा ठाण्याच्या कित्येक मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. घोडबंदर रस्त्यावर सूरज वॉटर पार्क आहे. आमच्या पिढीचं स्वप्न होतं गोराईचं एस्सेलवर्ल्ड. ते 1989 साली सुरू झालं. बोटीतून खाडी ओलांडून तिथं जाणं हीच अर्धी मौज होती. 2022 मध्ये ते बंद झालं, तेव्हा आमच्यापैकी ज्या कधीच तिथं गेल्या नव्हत्या त्यांनाही हळहळ वाटली.

सासूबाईंच्या लहानपणी या सगळ्याच्या जागी माहीमची जत्रा होती. डिसेंबरात मखदूम अली माहिमींचा उरूस भरतो, मुंबई पोलिसांचा संदल मानाचा असतो, आणि शेजारी पाळणे लागतात. त्या पाळण्यात बसलेली मुलगी म्हणून सासूबाईंची कल्पनाही आम्ही कधी केली नव्हती.

या पाळण्याबद्दल थोडं सांगायला हवं. आज त्याला जायंट व्हील म्हणतात आणि ते अमेरिकेनं शोधलं असं मुलांना वाटतं. जॉर्ज फेरिसनं शिकागोच्या प्रदर्शनात सुमारे 80 मीटर उंचीचं लोखंडी चक्र उभारलं ते 1893 साली. पण त्याआधी पावणेतीनशे वर्षं, 1615 मध्ये, पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाच्या रोमच्या प्रवाशानं इस्तंबूलहून लिहिलेल्या पत्रात रमजानच्या जल्लोषातल्या आतषबाजीचं, झोपाळ्यांचं आणि अशाच मोठ्या चक्राचं वर्णन केलं आहे. तो स्वतः त्यात बसला होता. पुढं 1620 मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानंही उस्मानी मुलखातलं असं लाकडी चक्र पाहिलं. म्हणजे सणाला पाळण्यात बसणं ही आपल्याकडची जुनीच रीत. "हे सगळं आपलं नव्हे" असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना एवढं सांगायला हरकत नाही.

निघण्याचा बेत मात्र आमच्या मनासारखा जमला. मुंबईहून सुटणारी खोपोली लोकल ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी तिन्ही घरांच्या दारावरून जाते. ठाण्याला एक जाऊ दोन मुलं घेऊन चढली, डोंबिवलीला दुसरी, आणि कल्याणला उरलेली सगळी फौज दादीसह. पुरुष मंडळी कामावर. आठवड्याचा मधला वार मुद्दाम निवडला होता, कारण तिकिटाचे दर वाराप्रमाणे आणि सुट्टीप्रमाणे बदलतात. दहा जणांच्या घराला तो फरक मोठा असतो. बदलापूर, वांगणी, नेरळ मागं पडलं. कर्जतनंतर गाडी रिकामी झाली आणि खिडकीतून घाटाचे डोंगर दिसू लागले. तेव्हा सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "तुमचे सासरे या घाटाच्या इंजिनांची कामं करायचे. गाडीला मागून ढकलायला इंजिन लावतात ना, ती."

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यात सांगडेवाडीला आहे. एप्रिल 2013 मध्ये चित्रपटव्यवसायातले मनमोहन शेट्टी यांनी ते सुरू केलं. 2014 मध्ये शेजारी वॉटर पार्क झालं, मग बर्फाचं दालन झालं, आणि 2022 पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. जत्रा आणि असं उद्यान यांत फरक काय? जत्रेत पाळणा म्हणजे पाळणाच. इथं प्रत्येक पाळण्याला एक कथा, एक मुलूख, एक वेश दिलेला असतो. हा प्रकार 1955 साली अमेरिकेतल्या डिस्नेलँडनं रूढ केला. इमॅजिकातही तसंच. इकडं अमेरिकेतल्या सोन्याच्या खाणीकडं धावणारी गाडी, तिकडं चाच्यांचं जहाज, पुढं नदीत बोटीवर चाल करून येणारा राजासॉरस. हा राजासॉरस मात्र मनगढंत नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमध्ये त्याची हाडं सापडली आणि 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं. आमच्या दहावीतल्या नातीनं हे सगळ्यांना भिजता भिजता ऐकवलं.

सगळ्यात मोठी रांग नायट्रोला. ही पाच वेळा उलटीपालटी होणारी रोलर कोस्टर आहे. बसलं की पायाखालची फळी निघून जाते आणि पाय अधांतरी लोंबतात. स्वित्झर्लंडच्या कंपनीनं बनवलेली. ज्यांची उंची पट्टीला लागली त्या दोन मुली आणि आमच्यातली एक जाऊ बसायला गेली. बाकीच्या दादीजवळ बाकावर थांबल्या. सासूबाई त्या रुळांकडं बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "याला इंजिन कुठंय?"

खरंच नाही. साखळी डबे उंच ओढून नेते आणि सोडून देते. पुढं सगळं काम उताराचं. सासूबाईंनी मान हलवली. "घाटात गाडीचा ब्रेक सुटला तर असंच होतं. म्हणून तिथं बाजूला चढाचा रूळ ठेवतात. सुटलेली गाडी त्या चढावर घालतात, म्हणजे ती दमून थांबते." बोरघाटातल्या कॅच सायडिंगबद्दल त्या बोलत होत्या. फिटरच्या बायकोनं चाळीस वर्षं जेवण वाढताना ऐकलेलं शास्त्र होतं ते. आणि योगायोग असा, की रोलर कोस्टरचा जन्मही रेल्वेच्याच पोटातून झालेला आहे. पेन्सिल्वेनियातल्या मॉच चंकला डोंगरावरून कोळसा उतरवणारी एक गाडी होती, तिच्यात लोक पैसे देऊन बसू लागले. त्यावरूनच पुढं 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पहिली अशी गाडी धावली. मुली किंचाळत उतरल्या तेव्हा दादी त्यांना गाडी वर जाऊन का थांबत नाही ते समजावू लागली. दोन वर्षांत त्यांनी सासऱ्यांचं नाव न रडता घेतलं ते त्या दिवशी.

आता ज्या दोन गोष्टींसाठी हा लेख लिहायला बसलो, त्यांच्याकडं येतो. पहिली अलिबाबाची.

'अलिबाबा और चालीस चोर' नावाची एक राइड आहे. डब्यात बसायचं, हातात बंदूक घ्यायची, आणि अंधारात समोर येणाऱ्या चोरांवर नेम धरून गुण मिळवायचे. मुलांना फार आवडली. दोनदा बसली. दुसऱ्यांदा बाहेर आल्यावर आमच्यातला नऊ वर्षांचा मुलगा गप्प झाला. जरा वेळानं त्यानं विचारलं, "सगळे चोर आपल्यासारखेच का होते?"

आम्ही तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. अरबी वेशाला तो 'आपल्यासारखं' म्हणत होता. त्याच्या कल्याणच्या घरात कुणी असले कपडे घालत नाही. वडील पँट-शर्टात कामाला जातात, आजोबांचा फोटो रेल्वेच्या निळ्या गणवेशातला आहे. तरी चोरांच्या जागी त्यानं स्वतःला ठेवलं होतं. हे तो एका दिवसात शिकलेला नव्हता. चित्रपट, मोबाइलवरचे खेळ, वर्गातली चेष्टा, असं थेंबाथेंबानं साठलेलं असतं. उद्यानवाल्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांनी एक लोकप्रिय गोष्ट उचलली. आपल्या मुलाला उत्तर देणं हे आपलं काम.

उत्तर सासूबाईंनी दिलं, आणि ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अरे, चोरांचे कपडे तसे होते, तर अलिबाबाचे कसे होते? आणि मर्जीनाचे?" मुलाला मर्जीना माहीतच नव्हती. मग भर उन्हात, झाडाच्या सावलीत, डबे उघडून सासूबाईंनी सगळी गोष्ट सांगितली. चोरानं दारावर खूण केली तेव्हा आळीतल्या सगळ्याच दारांवर तशीच खूण करणारी मर्जीना. तेलाच्या रांजणांत लपलेले चोर ओळखणारी मर्जीना. घर वाचवलं ते त्या दासीनं, अलिबाबाला तर पत्ताही नव्हता. त्या गावात चोराचा, भोळ्याचा आणि शहाणीचा वेश एकच होता. कपड्यावरून कोण कोण ते ओळखता येत नव्हतं, म्हणून तर सगळी गोष्ट घडली. मुलानं पोळीचा घास तोंडात तसाच ठेवून ऐकलं आणि म्हणाला, "मग मर्जीनाची राइड पाहिजे होती."

घरी आल्यावर आम्ही या गोष्टीच्या मुळाशी गेलो. अलिबाबा 'अलिफ लैला'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीच. आंत्वान गालाँ या फ्रेंच विद्वानानं 1704 पासून त्या ग्रंथाचं भाषांतर छापायला घेतलं. 1709 मध्ये पॅरिसला त्याची गाठ हन्ना दियाब या अलेप्पोच्या तरुणाशी पडली. हा सीरियातला मॅरोनाइट ख्रिस्ती. त्यानं गालाँला तोंडी गोष्टी सांगितल्या, त्यांत अलिबाबा होता, अलाउद्दीनही होता. म्हणजे गोष्ट सांगणारा अरब ख्रिस्ती, लिहून काढणारा फ्रेंच, आणि ती आपल्या माथी आली अस्सल अरबी म्हणून. मुलांना हे सांगितलं की ती दचकत नाहीत, उलट त्यांना मजा वाटते. चित्र कुणी काढलं हे कळलं की त्या चित्राची भीती कमी होते.

आणि चित्राची दुसरी बाजूही आहे. त्या अंधारात हलणाऱ्या, बोलणाऱ्या बाहुल्या पाहून मुलं थक्क झाली होती. अशी यंत्रं करणाऱ्यांच्या पूर्वजांत बगदादचे बनू मूसा हे तिघे भाऊ येतात. नवव्या शतकात त्यांनी सुमारे शंभर करामती यंत्रांचं पुस्तक लिहिलं. त्यानंतर अल-जजरी. दियारबक्रच्या दरबारातल्या या कारागिरानं 1206 मध्ये आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यात हत्तीच्या आकाराचं घड्याळ आहे, आणि तळ्यात तरंगणारी एक नाव आहे. तिच्यात चार यांत्रिक वादक बसलेले. पाण्याच्या जोरावर ते ठरावीक वेळानं वाद्यं वाजवायचे आणि दरबारी पाहुण्यांची करमणूक व्हायची. आजच्या उद्यानातल्या बाहुल्यांचं नातं तिथपर्यंत जाऊन भिडतं. नऊ वर्षांच्या मुलाला 'आपल्यासारखे' कुणी शोधायचे असतील तर हे आहेत.

दुसरी गोष्ट सलीमगढची. इमॅजिकात या नावाचा भुताटकीचा किल्ला आहे. अंधार, किंकाळ्या, अंगावर येणारी भुतं. सात वर्षांची धाकटी आईच्या बुरख्यात शिरली ती बाहेर येईपर्यंत निघाली नाही. भीतीचा खेळ म्हणून ठीक. पण सलीमगढ नावाचा खरा किल्ला दिल्लीत आहे, लाल किल्ल्याला लागून. शेरशाह सूरीचा मुलगा इस्लामशाह, ज्याला सलीमशाहही म्हणतात, त्यानं 1546 मध्ये तो बांधला. औरंगजेबानं आपला भाऊ मुराद याला तिथं कैदेत ठेवलं होतं. इंग्रजांनीही त्याचा तुरुंग केला, आणि 1945 पासून आझाद हिंद सेनेचे कैदी तिथं डांबले. आज तिथं स्वातंत्र्यसैनिकांचं स्मारक आहे. तिथं माणसं खरोखर तडफडली ती देशासाठी. आपल्या मुलांना या नावानं आधी भूत आठवावं की सुभाषबाबूंचा सैनिक, हे घरात ठरतं.

जोहरची नमाज आम्ही गर्दीपासून दूर, हिरवळीच्या कडेला पाळीपाळीनं पढलो. एक पढायची, दुसरी मुलं मोजायची. कुणी वळून पाहिलं नाही. एका अनोळखी मराठी आजींनी उलट आमच्या सासूबाईंना आपल्याजवळ बसवून घेतलं. दोघींचे गुडघे सारखेच दुखत होते, त्यामुळं ओळख लवकर झाली.

दुपारनंतर आम्ही सासूबाईंना 'आय फॉर इंडिया'त बसवलं. खुर्चीत बसायचं, पट्टा लावायचा, खुर्ची उचलली जाते आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर आपण देशावरून उडत चाललोय असं वाटतं. डोंगर, नद्या, इमारती पायाखालून सरकतात. गुडघ्यांना काही त्रास नाही. सासूबाईंनी आमच्यातल्या दोघींचे हात घट्ट धरले होते. बाहेर आल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांना रेल्वेचा पास मिळायचा. दर वर्षी म्हणायचे, यंदा दिल्ली बघू. दर वर्षी काहीतरी निघायचं. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण. पास वाया जायचे."

ती लग्नं आणि बाळंतपणं आमचीच होती. ते आम्हाला समजलं, आणि त्यांनाही आम्हाला समजल्याचं समजलं.

जाणाऱ्या भगिनींसाठी चार अनुभवाच्या गोष्टी लिहितो. ओढणी आणि सैल बुरखा राइडवर धोक्याचा आहे. ओढणी किंवा मोकळे केस चाकात अडकून जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे आल्या आहेत. म्हणून कर्मचारी ओढणी आवरायला सांगतो तेव्हा तो आपल्या पडद्याशी भांडत नसतो. पायघोळ कुर्ता, ढगळ सलवार, आणि टाचणी न लागणारा ताणला जाणारा तयार हिजाब घालावा. टाचणी तर नकोच, झटक्यात ती टोचते. पाण्याच्या घसरगुंड्यांवर सुती कपडे चालत नाहीत, कारण ते पाणी धरतात, सांध्यांत अडकतात आणि त्यांचे धागे गाळणीत जातात. अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख आता आपल्या बाजारातही मिळतो. असा बुर्किनी अहेदा झनेट्टी या सिडनीच्या मुस्लिम बाईनं 2004 मध्ये तयार केला. रक्तदाब, हृदयविकार किंवा पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी वेगाच्या राइड टाळाव्यात. मुलांची उंची घरीच मोजून न्यावी, म्हणजे रांगेच्या टोकाला जाऊन रडारड होत नाही. खाण्याबाबत शंका असेल तर शाकाहारी घ्यावं, भांडण संपतं.

आणि घरातल्या म्हातारीला न्यावं. ती राइडमध्ये बसणार नाही, पण मर्जीना तिलाच माहीत असते.

परतीच्या लोकलमध्ये मुलं झोपली. डोंबिवली-ठाण्याच्या जावा पुढं जाणार होत्या. कल्याण यायला लागलं तशा सासूबाई उठून दाराशी आल्या आणि जरा चाचरत म्हणाल्या, "मला विधवा पास मिळतो ना? कागद कपाटात पडलेत. ते काढून द्या कुणीतरी." भिशीचा पुढचा नंबर कुणाचा, यावर त्या रात्री फोनवर चर्चा झाली आणि तो सासूबाईंच्या नावानं ठरला. थंडी पडली की दिल्ली, इन्शाअल्लाह. नऊ वर्षांच्या मुलानं खरा सलीमगढ पाहायच्या जागांच्या यादीत सगळ्यात वर लिहून ठेवला आहे.